अर्धा तास कुणी बोलत नाही

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. बाबा पाणी प्यायला उठले, हॉलमध्ये डोकावले आणि म्हणाले, "अगं, टीव्हीचा आवाज गेलाय का?"

आवाज गेला नव्हता. 'रिफिफी' चालू होता आणि चौघेजण पॅरिसमधल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानात वरच्या मजल्यावरून उतरायच्या खटपटीत होते. मी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. बाबा 'दोन मिनिटं' म्हणून सोफ्याच्या हातावर टेकले. पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. हत्याराचा आवाज होऊ नये म्हणून गुंडाळलेलं कापड त्यांनी पाहिलं. जमिनीला पडलेल्या भोकातून एकानं मिटलेली छत्री खाली सोडली आणि ती पलीकडे उघडली, तेही पाहिलं. फोडलेला चुना नि खडे दुकानाच्या फरशीवर न आपटता त्या छत्रीत पडायला लागले, तेव्हा त्यांच्या तोंडून 'हं' असं निघालं. तिजोरी उघडेपर्यंत पेला तसाच हातात. मग उठले आणि जाता जाता म्हणाले, "कामाची माणसं आहेत."

जुने युरोपियन गुन्हेपट कसे बघायचे, याचं एवढं नेमकं उत्तर मला अजून दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

हे सिनेमे फार भारी आहेत असं कुणीतरी सांगतं, म्हणून आपण लावतो आणि विसाव्या मिनिटाला फोन हातात घेतो. कृष्णधवल चित्र, ओव्हरकोट घातलेली थकलेली माणसं, पडद्यावर बराच वेळ काही घडत नाही आणि जे घडतं त्याबद्दल कुणी काही सांगत नाही. चूक आपली नसते. या सिनेमांकडून गोळीबार आणि पाठलागाची अपेक्षा ठेवली की ते संथ वाटणारच. पण एखादा कसबी सुतार चौकट जुळवताना आपण जसं थांबून बघतो, तसं बघायला बसलं की तेच सिनेमे सुटत नाहीत.

कुठल्या सिनेमांबद्दल बोलतेय ते आधी सांगते. साधारण 1950 ते 1970 च्या आसपासचे, बहुतेक फ्रेंच, थोडे इटालियन, थोडे इंग्लिश. फ्रान्समध्ये गुन्हेपटांना 'पोलार' म्हणतात. 1940 ते 44 या जर्मन ताब्याच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येणं बंद होतं. युद्ध संपल्यावर साचलेले सगळे एकदम आले. त्यातल्या काळोख्या, पावसाळी, दगाबाज माणसांच्या गोष्टी बघून 1946 मध्ये नीनो फ्रांक या समीक्षकानं 'फिल्म न्वार', म्हणजे काळा सिनेमा, हा शब्द वापरला. त्याच सुमाराला, 1945 मध्ये, गालिमार या प्रकाशनसंस्थेनं 'सेरी न्वार' नावाची रहस्यकथांची माला सुरू केली होती. आधी अमेरिकन आणि इंग्लिश कादंबऱ्यांचे अनुवाद, मग फ्रेंच लेखक. त्या लेखकांतले काही स्वतः तुरुंगाची हवा खाऊन आलेले होते, त्यामुळे कुलपं आणि कोठड्यांबद्दल ते ऐकीव लिहीत नव्हते.

आता चोरीच्या सिनेमाला मराठीत काय म्हणावं? आपण सरसकट दरोडा म्हणतो. पण आपल्या कायद्यात दरोडा ठरायला किमान पाच माणसं लागतात. 'रिफिफी'त चौघंच आहेत आणि ते रात्री घरात शिरतात, तेव्हा पोलीस ठाण्यात ती नोंद घरफोडीतच जाईल. असो.

'रिफिफी' 1955 चा. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ. त्यातला घरफोडीचा प्रसंग जवळजवळ अर्धा तास चालतो आणि त्यात एकही संवाद नाही, संगीताचा एक सूरही नाही. संवाद आणि संगीत काढून टाकणं अवघड नसतं. अवघड आहे ते प्रेक्षकाला त्या शांततेत बसवून ठेवणं, आणि त्याची तयारी दासँनं आधीच करून ठेवलेली असते. चौघे दुकानावर पाळत ठेवतात. रस्त्यावर कोण किती वाजता येतं-जातं याच्या नोंदी करतात. दुकानात जो अलार्म आहे तसाच एक मिळवून तळघरात त्याच्याशी झटापट करतात. जरा धक्का लागला की तो बोंब मारतो. हे करून बघ, ते करून बघ, शेवटी आग विझवायच्या नळकांड्यातला फेस त्यात भरला की तो गप्प होतो. हे सगळं आपल्यासमोर घडतं, बडबड करत, सिगारेटी ओढत. म्हणून प्रत्यक्ष रात्री पिशवीतून ते नळकांडं बाहेर निघतं तेव्हा कुणी कुणाला काही सांगायची गरजच उरत नाही. शिकवणी आधीच झालेली असते. आपण पाचवे गडी होऊन बसलेलो असतो.

माझ्या दृष्टीनं या प्रकारच्या सिनेमांची सगळी गोम इथे आहे: प्रेक्षकाला काय आधी सांगायचं आणि काय राखून ठेवायचं. यातून मी एक अंदाज बांधलाय. बेत पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रेक्षकाला समजावून सांगितला, की खुशाल समजा, तो तसा पार पडणार नाही. पार पडणार असता तर तीच गोष्ट दोनदा कशाला दाखवतील? 'रिफिफी'त बेत पूर्ण सांगत नाहीत, फक्त हत्यारांची ओळख करून देतात. छत्रीबद्दल तर अवाक्षर नाही. म्हणून छत्री उघडली की बाबांसारखा माणूस 'हं' म्हणतो.

दुसरी गोष्ट कानांची. संगीत नसलं की बारीक आवाज मोठे होतात. दबका खोकला, खड्यांची टपटप, आणि मग अलार्म बंद पडल्यावर तिजोरीचा पत्रा कापणाऱ्या यंत्राची ती करकर. जॉर्ज ओरिक या नामांकित संगीतकारानं या प्रसंगासाठी संगीत रचलं होतं. दासँनं त्याला प्रसंग दोन्ही प्रकारे दाखवला, संगीतासह आणि संगीताशिवाय. ओरिकनं स्वतःच सांगितलं, माझं संगीत काढून टाक. आपलं काम काढून टाका म्हणणारा कलावंत मला या अख्ख्या सिनेमातल्या कुठल्याही पात्राइतकाच आवडतो.

चोरीकडे कसब म्हणून बघायची ही नजर आपल्याला परकी नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडायला येतो, तेव्हा आधी विचार करतो की भोक कुठल्या आकाराचं पाडावं. उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ, असे पर्याय त्याच्याकडे तयार आहेत. भिंत भाजक्या विटांची, तेव्हा पूर्णकुंभ शोभेल असं तो ठरवतो. माप घ्यायची दोरी विसरलेली असते, तर गळ्यातलं जानवं काढून त्यानंच मोजतो, आणि वर जानवं ब्राह्मणाला किती उपयोगी पडतं यावर चार ओळी ऐकवतो. सकाळी लोक ते भोक बघतील तेव्हा चोराला शिव्या घालतीलच, पण कामाची तारीफही करतील, ही त्याची खरी हौस. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे शर्विलकाला आपण चांगले ओळखतो. त्याला 'रिफिफी'तल्या तळघरात नेऊन बसवा, अर्ध्या तासात रुळेल.

पण दासँच्या सिनेमात कामाच्या कौतुकाखाली आणखी काहीतरी आहे, आणि त्यासाठी त्याची थोडी हकिगत माहीत असायला हवी. नावावरून फ्रेंच वाटतो, पण तो अमेरिकन. 1911 मध्ये कनेक्टिकटमध्ये जन्म. हॉलिवूडमध्ये कम्युनिस्टांना हुडकून काढायची मोहीम चालू होती तेव्हा, 1951 मध्ये, चौकशी समितीपुढे सहकाऱ्यांनी त्याचं नाव घेतलं. काम बंद झालं. युरोपात येऊन काही वर्षं रिकामा बसला आणि मग मिळाला तो 'रिफिफी', थोडक्या पैशातला. मूळ कादंबरी ओग्युस्त ल ब्रेतोंची. पुढे दिग्दर्शक झालेला फ्रांस्वा त्र्युफो तेव्हा समीक्षक होता. आपण वाचलेल्या सगळ्यांत टुकार गुन्हेकादंबरीतून दासँनं आपण पाहिलेला सर्वांत चांगला गुन्हेपट काढला, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. त्या वर्षी कानच्या महोत्सवात दासँला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

सिनेमात तिजोरी फोडणारा सेझार नावाचा इटालियन कारागीर आहे. ती भूमिका दासँनं स्वतः केलीय, पेर्लो व्हिता हे खोटं नाव लावून. चोरी बिनबोभाट पार पडते. पण सेझार मुद्देमालातली एक अंगठी क्लबमधल्या गायिकेला देऊन बसतो. अंगठीवरून दुसऱ्या टोळीला सुगावा लागतो, ते सेझारला पकडतात आणि तो घाबरून साथीदारांची नावं सांगतो. म्होरक्या तोनी येतो तेव्हा सेझार बांधलेला असतो. दोघांनाही नियम माहीत आहे. नावं सांगणाऱ्याला काय शिक्षा, ते सेझारला समजावून सांगावं लागत नाही. नावं घेतली गेल्यामुळे ज्याचं आयुष्य उधळलं, त्या माणसानं नावं घेणाऱ्याची भूमिका स्वतः करावी आणि पडद्यावर तोनीच्या हातून मरावं! हे कळल्यावर तो प्रसंग मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा सेझारचा राग येईना.

शेवट सांगून टाकतेय म्हणून कुरकुरू नका. या सिनेमांचा शेवट लपवण्यासारखा नसतोच. मुद्देमाल कुणाच्या हाती लागत नाही, हे तिकीट काढतानाच गृहीत धरायचं. बघायचं ते एवढंच की तो कसा सुटतो.

आणि तो सुटण्याच्या तऱ्हा एकाहून एक आहेत. 1963 च्या 'मेलोदी आँ सू-सोल'मध्ये जाँ गाबाँ आणि आलँ दलों कान शहरातला कॅसिनो लुटतात. नोटांनी भरलेल्या पिशव्या ऐन वेळी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात बुडवाव्या लागतात. पोलीस काठावरच उभे. तळाशी पिशवी उघडते आणि एकेक नोट वर यायला लागते, मग दहा, मग शंभर, सगळा तलाव नोटांनी झाकून जातो. दोघे खुर्च्यांत बसून बघत राहतात. कुणी ओरडत नाही, कुणी पळत नाही. लंडनच्या 'द लॅव्हेंडर हिल मॉब'मध्ये (1951) बँकेचं सोनं इकडून तिकडे पोचवणारा, वर्षानुवर्षं इमानदार असलेला एक मवाळ कारकून तेच सोनं चोरतो आणि वितळवून त्याचे आयफेल टॉवर ओततो, पॅरिसला पर्यटकांना विकतात तसले. आणि त्यातले सहा सोन्याचे टॉवर चुकून शाळकरी मुलींना विकले जातात! 'टोपकापी'त (1964, पुन्हा दासँच) इस्तंबूलच्या राजवाड्यातला पाचूजडित खंजीर छतावरून दोरानं लोंबकळत उचलतात, जमिनीला पाय लावायचा नाही कारण अलार्म जमिनीत आहे. काम फत्ते होतं आणि मग एक पाखरू खिडकीतून आत येतं.

चोर नेहमी का हरतो, याचं एक सरळ उत्तर नियमावलीत आहे. अमेरिकेत तेव्हा सिनेमासाठी आचारसंहिता होती: गुन्हा करणाऱ्याला फळ मिळालेलं दाखवायचं नाही. सिनेमा तिकडे विकायचा तर शेवट तसा हवा. इंग्लंडातही सेन्सॉरचं मत काही निराळं नव्हतं. फ्रेंच सिनेमांबाबत मात्र मला हे उत्तर अपुरं वाटतं. तिथे चोर पोलिसांच्या हुशारीमुळे क्वचितच हरतो. घात होतो तो आतून, मैत्रीत, जुन्या ओळखीत, कुणीतरी तोंड उघडल्यामुळे.

आणि तोंड उघडणं ही त्या पिढीची ठसठसती जखम होती. जर्मन ताब्याच्या चार वर्षांत कोणी कोणाची खबर दिली, कोण गप्प राहिलं आणि कोण मारहाणीतही गप्प राहिलं, हे गल्लीगल्लीत माहीत होतं आणि त्यावर उघड बोलणं अवघड होतं. पॅरिसमध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गुंडांनाही हाताशी धरलं होतं. युद्ध संपल्यावर दहा वर्षांनी पडद्यावरचे गुंड मैत्री, शब्द आणि खबरेगिरी याबद्दल एवढ्या पोटतिडकीनं का वागतात, त्याचा माग इथे लागतो.

जाँ-पिएर मेलव्हिलकडे बघा. खरं आडनाव ग्रुम्बाख. जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात त्यानं हे टोपणनाव घेतलं, आवडत्या अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिलवरून, आणि ते आयुष्यभर ठेवलं. त्याच्या 1962 च्या सिनेमाचं नावच 'ल दुलोस'. चोरांच्या बोलीत दुलोस म्हणजे टोपी आणि दुलोस म्हणजे खबऱ्याही. पुढे 1969 मध्ये त्यानं त्या भूमिगत लढ्यावरच सिनेमा काढला, आणि गंमत म्हणजे तो त्याच्या गुन्हेपटांसारखाच दिसतो: तेच कोट, तीच रिकामी खोली, तीच कुजबुज, खबऱ्याला तीच शिक्षा.

मेलव्हिलपासून सुरुवात करायची तर 'बॉब ल फ्लाम्बर' (1956) घ्या. बॉब हा पॅरिसच्या मोंमार्त्रचा जुना जुगारी. दोव्हिलचा कॅसिनो लुटायचा बेत ठरतो. मोकळ्या मैदानात गवतावर कॅसिनोचा नकाशा आखून तालीम होते. मग बॉबच्या डोक्यात हे कसं पार पडणार आहे, ते आपल्याला रिकाम्या कॅसिनोत पायरीपायरीनं दाखवतात. वर सांगितलेला अंदाज आठवतोय ना? बेत पूर्ण दाखवला, म्हणजे संपलं. ऐन रात्री बॉब पाहणी करायला म्हणून जुगाराच्या टेबलाशी बसतो आणि जिंकायला लागतो. जिंकतच जातो. आयुष्यभर दगा दिलेलं नशीब नेमकं त्या रात्री प्रसन्न होतं आणि बॉब चोरीची वेळच विसरतो. जे लुटायला आला ते त्यानं सरळ मार्गानं जिंकलेलं असतं, आणि बाहेर पोलीस येऊन ठेपलेले. एवढा दुःखी आणि एवढा हसवणारा शेवट एकाच सिनेमात मला दुसरीकडे सापडला नाही.

पुढच्या सिनेमांत मेलव्हिल एकेक गोष्ट काढून टाकत गेला. संवाद कमी, रंग फिके, हावभाव नाहीतच. 'ल सामुराई'मध्ये (1967) आलँ दलोंचा सुपारी घेणारा मारेकरी पहिली जवळजवळ दहा मिनिटं तोंड उघडत नाही. खोलीत पिंजऱ्यातला पक्षी तेवढा चिवचिवतो. मग तो खाली येतो आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या सित्रोएन गाडीत बसतो. खिशातून किल्ल्यांचा भलामोठा जुडगा काढून शेजारच्या सीटवर ठेवतो. एक किल्ली लावून बघतो, लागत नाही. ती बाजूला. दुसरी. तिसरी. चेहरा समोर, पावसाच्या थेंबांनी भरलेल्या काचेकडे. एखादा तलाठी सातबारा काढताना जितका निर्विकार असतो तितका. आजच्या सिनेमात हे दोन सेकंदांत उरकलं असतं. मेलव्हिल आपल्याला किल्ल्या मोजायला लावतो, आणि त्या मोजता मोजता या माणसाचं रोजचं जगणं काय आहे ते कळतं.

'ल सर्क्ल रूज' (1970), म्हणजे लाल वर्तुळ, सुरू होतो एका वचनानं. बुद्धानं लाल खडूनं वर्तुळ काढलं आणि सांगितलं की ज्यांची भेट व्हायची आहे ती माणसं वाटा कितीही वेगळ्या असल्या तरी त्या दिवशी या वर्तुळात एकत्र येतील, असं काहीसं. खाली नाव रामकृष्णांचं. शोधायला जाऊ नका. वचन मेलव्हिलनं स्वतः रचलंय. 'ल सामुराई'च्या सुरुवातीचं बुशिदोचं, म्हणजे सामुराईंच्या आचारधर्माचं, वचनही त्याचंच. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर जे रोज सकाळी चालतं ते हा माणूस मोठ्या पडद्यावर, गंभीर चेहऱ्यानं करून गेला.

या सिनेमातही पंचवीसेक मिनिटांची नि:शब्द चोरी आहे, प्लास व्हांदोमवरच्या जवाहिऱ्याकडची. पण मला सांगायचंय ते इव्ह मोंताँबद्दल. तो पोलिसातून बाहेर पडलेला नेमबाज आहे, दारूत पार बुडालेला. पहिल्यांदा दिसतो तेव्हा अंथरुणात भासांनी पछाडलेला, अंगावर सरडे नि किडे चढताहेत असं त्याला दिसतंय. त्याला काम मिळतं: भिंतीवरच्या बारीकशा कुलपाच्या भोकावर दुरून नेम धरून अलार्म बंद पाडायचा. तो दारू बाजूला ठेवतो, घरी बसून मिश्रधातू वितळवून स्वतःच्या गोळ्या ओततो. त्या रात्री सूट घालून येतो, बंदूक तिकाटण्यावर बसवतो, नेम जुळवतो. आणि शेवटच्या क्षणी बंदूक तिकाटण्यावरून उचलून नुसत्या हातानं झाडतो. गोळी बरोबर भोकात. मग वाट्याची वेळ येते तेव्हा म्हणतो, मला पैसे नकोत. त्याला जे हवं होतं ते त्या एका गोळीत मिळालेलं असतं.

याउलट, जाक बेकेरच्या 'तुशे पा ओ ग्रिस्बी'मध्ये (1954) चोरी दाखवतच नाहीत. विमानतळावरचं सोनं सिनेमा सुरू व्हायच्या आधीच उचललेलं आहे. ग्रिस्बी म्हणजे चोरांच्या बोलीत माल. जाँ गाबाँचा माक्स आता पन्नाशीचा. त्याला लवकर घरी जाऊन झोपायचं असतं. एका रात्री तो मित्राला आपल्या गुप्त फ्लॅटवर आणतो. कुरकुरीत टोस्टवर 'पाते', म्हणजे वाटलेलं मांस, लावून दोघे खातात, बरोबर पांढरी वाईन. मग माक्स कपाटातून मित्राला पायजमा काढून देतो, दात घासायचा ब्रश देतो, आणि कॅमेरा या दोन गुंडांना एकामागून एक दात घासताना दाखवतो. मित्र आरशात स्वतःच्या डोळ्यांखालच्या पिशव्या चाचपून बघतो. संपूर्ण सिनेमात मला हाच प्रसंग लख्ख आठवतो. गोळीबार झाला होता का, हे आठवायला जरा वेळ लागतो.

एक दोष मात्र झाकून चालणार नाही. बायकांच्या बाबतीत हे सिनेमे बरेचदा हलकट आहेत. 'रिफिफी'त तोनी जुन्या मैत्रिणीला पट्ट्यानं मारतो आणि सिनेमाला त्याचं फारसं काही वाटत नाही. 'ग्रिस्बी'त थपडा आहेत. पुरुषांची मैत्री पवित्र, आणि गुपित फुटलं तर बहुधा एखाद्या बाईपाशी. हे खटकतं आणि खटकायलाच हवं. अपवाद म्हणून लुई मालचा 'आसाँसर पूर लेशाफो' (1958) बघा. खून करून निघालेला प्रियकर विसरलेला दोर आणायला परत जातो आणि लिफ्टमध्ये अडकतो, कारण सुट्टीसाठी इमारतीची वीज बंद केलेली. तो रात्रभर आत, आणि त्याची प्रेयसी झालेली जान मोरो रात्रभर पॅरिसच्या रस्त्यांवर त्याला शोधत. छायालेखक आँरी दकाएनं तिच्यावर वेगळे दिवे टाकले नाहीत. दुकानांच्या काचांतून येईल तेवढा उजेड. मेकअप नसलेला, पावसात भिजलेला तो चेहरा तेव्हाच्या लोकांना धक्का देऊन गेला. मागे माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट. डिसेंबर 1957 मध्ये एका रात्रीत, पडद्यावर दृश्यं बघत बघत त्यानं आणि साथीदारांनी ते वाजवलं. माल तेव्हा अवघा 25 वर्षांचा होता.

हे सगळं फार गंभीर वाटत असेल तर इटलीत जा. मारियो मोनिचेल्लीच्या 1958 च्या विनोदी सिनेमाचं नाव 'ई सोलिती इन्योती', शब्दशः 'नेहमीचेच अनोळखी'. इटलीत चोरीची बातमी लिहायची ही ठरीव तऱ्हा. आपल्या पेपरात 'अज्ञात चोरट्यांनी कडीकोयंडा तोडून ऐवज लंपास केला' असतं ना, तेच अज्ञात चोरटे. रोममधल्या भुकेल्या, बेकार माणसांची टोळी गहाणवटीच्या दुकानाशेजारच्या रिकाम्या घराची भिंत फोडायचं ठरवते. व्हित्तोरिओ गासमान आहे, मार्चेल्लो मास्त्रोयान्नी आहे, आणि तिजोरीची शिकवणी घेणारा निवृत्त चोर म्हणून तोतो. 'रिफिफी'ची सरळसरळ टर. रात्रभर खपून भिंत फोडतात आणि पलीकडे निघतं त्याच घराचं स्वयंपाकघर. फोडली ती भिंतच चुकीची. पातेल्यात हरभरे घातलेला पास्ता तयार असतो. मग काय, बसतात आणि जेवतात. गासमानचं पात्र सकाळी पोलिसांना चुकवायला मजुरांच्या रांगेत घुसतं, आणि रांगेबरोबर ढकललं जाऊन बांधकामावर खरंखुरं कामाला लागतं. मित्र मागून ओरडतो: अरे, तिथे काम करावं लागतं!

बघायला बसताना दोनच गोष्टी सांभाळा. भाषा मूळ फ्रेंच किंवा इटालियनच ठेवा, खाली सबटायटल लावा. इंग्रजीत डब केलं की ही माणसं उगाच शूर वाटायला लागतात. आणि फोन दुसऱ्या खोलीत. संवाद नसलेल्या प्रसंगात 'ऐकत ऐकत' बघता येत नाही, मान खाली गेली की छत्री हुकली.

मी सगळ्यांत शेवटी ठेवायला सांगेन तो बेकेरचा 'ल त्रू' (1960). त्रू म्हणजे भोक. यात चोरी नाही, तुरुंगातून निसटायचा बेत आहे, पण जातकुळी तीच. 1947 मध्ये पॅरिसच्या ला सांते तुरुंगात खरोखर घडलेल्या प्रयत्नावर बेतलेला. त्यात सामील असलेल्या जोझे जोव्हान्नीनं कादंबरी लिहिली, आणि दुसऱ्या एकानं, जाँ केरोदीनं, सिनेमात जवळजवळ स्वतःचीच भूमिका केली. सुरुवातीला तोच कॅमेऱ्याकडे वळून सांगतो की ही माझी गोष्ट. संगीत नाही. दात घासायच्या ब्रशाला आरशाचा तुकडा बांधून दाराच्या भोकातून बाहेरचा पहारेकरी बघतात. औषधाच्या बाटल्यांचं वाळूचं घड्याळ करतात. बेकेर सिनेमा पडद्यावर यायच्या काही आठवडे आधी वारला. शेवट मी सांगणार नाही, या एकाचा नाही.

त्यात एक प्रसंग आहे. कोठडीतल्या लाकडी जमिनीखालचं काँक्रीट पलंगाच्या लोखंडी तुकड्यानं फोडायला सुरुवात होते आणि कॅमेरा जवळजवळ चार मिनिटं तिथून हलत नाही. एक दमला की दुसरा. ठण, ठण, ठण. आधी नुसते ओरखडे, मग पांढरी भुकटी, मग पहिला तुकडा उडतो. बाबांना मी मुद्दाम बोलावून दाखवला. ते पुढे वाकून बघत राहिले. "एवढ्याशा लोखंडानं फुटेल?" मी विचारलं. "फुटतंय की," ते म्हणाले, "पण हात बघ त्याचे." तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे होते, बनियनवर, एवढ्या रात्री आमच्याकडे कसलं फोडकाम चाललंय ते विचारायला.